पोटभाडेकरू

माझे मामा १९७८ साली गेले, तेव्हा त्यांचे वय ४४ होते. कराडजवळ कृष्णाकाठच्या एका गावात त्यांची सहा एकर शेती होती. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का आणि वर्षाची आषाढी वारी ठरलेली. त्या वर्षी मात्र आषाढी आली तेव्हा मामा माजघरात घोंगडीवर पडून होते. पोट घागरीसारखे फुगलेले आणि हातापायांच्या नुसत्या काड्या. गावात त्याला जलोदर म्हणत. जिल्ह्याच्या गावी नेऊन दोनदा पोटातले पाणी काढले, दोन्ही वेळा ते पंधरा दिवसांत पुन्हा भरले. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला होता, "दारू किती घेता?" मामांनी काही न बोलता गळ्यातली माळ बाहेर काढून दाखवली. डॉक्टर हसले म्हणे.

ते हसणे आमच्या आधी गावात पोहोचले. पारावर बसणाऱ्यांना विषय मिळाला. दिवसा माळ आणि रात्री काय, हे कुणी पाहिले आहे? शेवटी एका पहाटे मामांना रक्ताची उलटी झाली. त्यानंतरचे तीन दिवस ते भ्रमात होते. दिंडी निघाली, माझा टाळ द्या, असे काहीबाही बोलत राहिले. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. तेराव्यालाही लोक हलक्या आवाजात तेच बोलत होते आणि मामी चुलीपाशी बसून ते ऐकत होती.

ही गोष्ट आधी सांगितली, कारण पुढची माझीच आहे आणि ती मामांच्या गोष्टीला जोडलेली आहे, हे कळायला मला तीस वर्षे लागली.

१९९३ च्या पंधरा ऑगस्टला आमच्या बँकेत रक्तदान शिबिर झाले. बिस्किटाचा पुडा, कॉफी आणि छातीला लावायचा लाल थेंबाचा बिल्ला घेऊन मी मोठ्या ऐटीत घरी आलो. तीन आठवड्यांनी रक्तपेढीचे पत्र आले. आपल्या रक्तात 'हेपॅटायटिस बी सरफेस अँटिजेन' आढळले आहे, यापुढे रक्तदान करू नये आणि डॉक्टरांना भेटावे, एवढाच मजकूर. मी आरशात जाऊन डोळे पाहिले. पांढरेस्वच्छ होते. भूक उत्तम, झोप उत्तम. आदल्याच रविवारी सिंहगड चढून आलो होतो.

इथेच आपल्या मराठी माणसाची पहिली फसगत होते आणि ती शब्दाने होते. हेपॅटायटिस म्हणजे कावीळ, हे आपण धरून चाललेलो असतो. कावीळ म्हणजे पिवळे डोळे, पिवळी लघवी, उसाचा रस आणि बिनतेलाचे जेवण. चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळे पाणी दाखवणारे आणि डोक्यावर माळ ठेवून ती गळ्याखाली उतरवणारे बाबा आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. दूषित पाण्यातून येणारी 'ए' किंवा 'ई' कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच बरी होते, त्यामुळे या बाबांचा धंदा बुडत नाही. 'बी' मात्र वेगळ्या गावचा. तो पाण्यातून येत नाही. येतो तो रक्तातून, शरीरसंबंधातून, न उकळलेल्या सुईतून, न्हाव्याच्या वस्तऱ्यातून आणि सर्वांत जास्त आईकडून बाळाला, जन्माच्या वेळी. जुनाट हेपॅटायटिस बी असलेल्या बहुतेकांना आयुष्यात कधी कावीळ झाल्याचे आठवतच नाही.

ज्या पहिल्या डॉक्टरांकडे मी गेलो, त्यांनी पत्र वाचून परत दिले. "तुम्ही कॅरियर आहात. काही होत नाही. विसरून जा." मला ते फारच आवडले. चांगली बातमी देणारा डॉक्टर कुणाला आवडत नाही? पण माझी बायको विसरणाऱ्यांतली नव्हती. तिने चौकशी करून मला पोटविकारांच्या एका वयस्कर तज्ज्ञांकडे नेले. त्यांनी माझी नाडी पाहिली नाही की जीभ पाहिली नाही. आधी विचारले, "भावंडे किती? आई आहे का? आईच्या माहेरी कुणाला लिव्हरचा आजार?"

मामांचे नाव मी सांगितले. वर ओशाळून असेही म्हणालो, की ते दारूमुळे असावे, निदान लोक तसे म्हणत. डॉक्टरांनी मान वर करून पाहिले. "लोक म्हणत की तुम्ही पाहिले?" मला उत्तर देता आले नाही.

त्यांनी कागदाच्या पाठीमागे एक आडवी रेघ ओढली. डावीकडे जन्म, उजवीकडे सत्तर वर्षे. तो कागद आजही माझ्या फायलीत आहे. हा आजार दिवसांत मोजायचा नाही, दशकांत मोजायचा, असे ते म्हणाले. आणि पहिला प्रश्न, विषाणू कोणत्या वयात शिरला हा.

इथे हिशेब उलटा आहे, म्हणून नीट सांगतो. धडधाकट मोठ्या माणसाला हेपॅटायटिस बी झाला, तर शरीर त्याच्यावर तुटून पडते. कावीळ होते, माणूस महिनाभर आडवा होतो, क्वचित जिवावरही बेतते. पण शंभरातल्या ९५ हून अधिक जणांच्या रक्तातून विषाणू कायमचा हद्दपार होतो. तान्ह्या बाळाचे नेमके उलट. त्याच्या प्रतिकारशक्तीला अजून आपला कोण आणि परका कोण हे कळत नाही. ती विषाणूला घरचाच समजते. ताप नाही, कावीळ नाही, बाळ हसते-खेळते. आणि अशा शंभर बाळांतल्या ९० च्या आसपास बाळांच्या यकृतात विषाणू मुक्काम ठोकतो. ज्याने काहीच त्रास दिला नाही, तोच जन्मभर राहतो.

डॉक्टर पुण्याचे होते, म्हणून त्यांनी पुणेरी उपमा दिली. "हा पोटभाडेकरू आहे. आधी निमूट राहतो, मग त्याला काढायला गेलात की घराची मोडतोड होते." उपमा गमतीची असली तरी अचूक आहे. हेपॅटायटिस बीचा विषाणू यकृताच्या पेशी स्वतः फारशा मारत नाही. तो पेशीच्या केंद्रकात आपल्या जनुकद्रव्याचे एक बंद कडे तयार करून बसतो आणि प्रती काढत राहतो. पेशी मारते ती आपलीच फौज, विषाणू लपलेली पेशी ओळखून. म्हणजे नुकसान होते ते झटापटीत.

त्या रेघेवर त्यांनी चार टप्पे पाडले. पहिला टप्पा बालपणापासून विशीपर्यंतचा, कधी त्याहून पुढेही जाणारा. रक्तात विषाणू कोट्यवधींनी, पण यकृत शांत आणि एसजीपीटी नॉर्मल. दुसरा टप्पा फौज जागी होण्याचा. पेशी मरू लागतात, एसजीपीटी चढते, माणसाला मात्र फार तर थकवा जाणवतो. ही झटापट काही महिन्यांत आटोपली तर उत्तम. वर्षानुवर्षे रेंगाळली तर यकृतात व्रण साठत जातात. तिसऱ्या टप्प्यात 'ई-अँटिजेन' नावाची खूण रक्तातून जाते, विषाणू कमी होतो आणि पुन्हा शांतता. काही जण इथेच जन्मभर राहतात. थोड्यांच्या रक्तातून, वर्षाला शंभरातल्या एखाद्याच्या, मूळ अँटिजेनही निघून जाते. आणि चौथा टप्पा? विषाणू आपल्या रचनेत बदल करून ई-अँटिजेनशिवायच पुन्हा डोके वर काढतो, बहुधा चाळिशीनंतर, माणूस निर्धास्त झाल्यावर.

"यातला मी कुठे?" मी विचारले. "ते एका तपासणीने कळत नाही. दर सहा महिन्यांनी यायचे," ते म्हणाले.

घरातल्या सगळ्यांचे रक्त तपासले. बायको आणि तीन वर्षांची मुलगी सुटल्या. दोघींना लगेच लस दिली. तेव्हा ती परदेशातून यायची आणि तीन-तीन डोसांनी महिन्याचे अंदाजपत्रक कोलमडले. आई ५८ वर्षांची, तिच्या रक्तात अँटिजेन होते. माझी थोरली बहीण, अक्का, तिच्याही. माझ्याहून सात वर्षांनी लहान असलेला भाऊ मात्र कोरा निघाला. तो जन्मला तोवर आईचा विषाणू निवला असणार, असे डॉक्टर म्हणाले. आईच्या रक्तात ई-अँटिजेन असेल तर लसीविना दहांतल्या सात ते नऊ बाळांना लागण होते, ते गेलेले असेल तर पुष्कळ कमी.

आईने हे सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "म्हंजे माझ्यामुळं?" तिलाही ते तिच्या आईकडूनच मिळाले असणार, यात कुणाचा दोष नाही, हे डॉक्टरांनी तिला तीनदा सांगितले. तरी त्या दिवसापासून तिने नातीच्या ताटातले उष्टे संपवणे बंद केले, आपले भांडे वेगळे केले. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, एका भांड्याने पाणी प्याल्याने हा आजार पसरत नाही. दाढीचे ब्लेड, दात घासायचा ब्रश आणि नखे कापायचे यंत्र तेवढे वेगळे ठेवायचे. पण आईची समजूत कधी पटली नाही. बँकेत तर माझा पेला शिपायाने आपणहून बाजूला ठेवायला सुरुवात केली. मी काही बोललो नाही. बोलायला हवे होते.

हा विषाणू सापडला त्याची कथा मोठी नवलाची आहे. बरूच ब्लुमबर्ग हे अमेरिकन संशोधक काविळीच्या मागे नव्हतेच. निरनिराळ्या वंशांच्या माणसांच्या रक्तात काय फरक असतो, हे ते पाहत होते. वारंवार रक्त घ्यावे लागलेल्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तद्रवाची ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासीच्या रक्ताशी प्रतिक्रिया झाली आणि एक अनोळखी पदार्थ हाती लागला. १९६५ साली त्याला 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' असे नाव मिळाले. तो हेपॅटायटिस बीच्या विषाणूचे बाह्य आवरण आहे, हे नंतर उलगडले. १९७६ साली ब्लुमबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, आता जगभर हेपॅटायटिस दिन म्हणून पाळतात. माझ्या रक्तपेढीच्या पत्रातले ते लांबलचक नाव म्हणजे हाच ऑस्ट्रेलियातला पाहुणा.

१९९६ साली माझा दुसरा टप्पा आला. दोन महिने ऑफिसचा जिना चढताना दम लागायचा. एसजीपीटी तीनशेवर गेले. इंटरफेरॉनची इंजेक्शने तेव्हा मिळत, पण ती महाग आणि तापाने हैराण करणारी. डॉक्टर म्हणाले, थोडे थांबू. चार महिन्यांत आकडा आपोआप उतरला आणि ई-अँटिजेनही गेले. आम्ही घरी श्रीखंड केले. आणि नंतर मी तेच केले, जे या आजारात बहुतेक जण करतात. दोन वर्षे नेमाने गेलो, मग वर्षातून एकदा, मग बदली, मग मुलीची दहावी. डॉक्टर निवृत्त झाले. दहाएक वर्षे मी रक्त तपासलेच नाही. काही दुखत नव्हते ना!

यकृताची हीच तर अडचण आहे. ते दुखून सांगत नाही. त्याच्या पेशींना वेदनेच्या तारा नाहीत आणि अर्ध्याहून कमी शिल्लक असले तरी ते कारभार रेटत राहते. अमिताभ बच्चन यांनी स्वतः जाहीरपणे अनेकदा सांगितले आहे, की १९८२ साली 'कुली'च्या अपघातानंतर त्यांना जे रक्त चढवले गेले त्यातून हेपॅटायटिस बी शिरला आणि ते त्यांना जवळजवळ वीस वर्षांनी कळले, यकृताचा पाऊण भाग निकामी झाल्यावर. एवढा गाजलेला माणूस, दिमतीला डॉक्टरांचा ताफा, तरी वीस वर्षे! मग आमच्या मामांना कळावे कसे?

२००९ साली मुलीने हट्टाने तपासायला लावले. एसजीपीटी ७८, म्हणजे फार नाही. पण विषाणूंची मोजणी मिलीलिटरला दोन लाख एककांवर गेली होती. फायब्रोस्कॅन नावाच्या यंत्राने यकृताचा ताठरपणा मोजतात. निरोगी माणसाचा पाच-साडेपाच किलोपास्कलच्या आसपास असतो. माझा ११ भरला. चौथा टप्पा केव्हाच सुरू झाला होता आणि यकृतात व्रणांची जाळी विणली जात होती. नवे डॉक्टर तरुण होते. त्यांनी रागावून नव्हे, सहज विचारले, "मधली वर्षे कुठे होतात?"

त्याच दिवशी त्यांनी मला पुढचा रस्ताही समजावून सांगितला आणि बोलता बोलता ते मामांचेच शेवटचे वर्ष सांगत आहेत, हे माझ्या ध्यानात आले. व्रण वाढत गेले की यकृत गाठीगाठींचे, आखडलेले होते. तो सिरॉसिस. तो फक्त दारूने होतो, हा समज डॉक्टरांतही एके काळी पुष्कळ होता. अशा आखडलेल्या यकृतातून आतड्यांकडून येणारे रक्त वाहू शकत नाही, दाब मागे साठतो. पोटात पाणी उतरते, तो जलोदर. अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि एके दिवशी फुटतात, ती रक्ताची उलटी. यकृताने गाळायची विषे मेंदूपर्यंत जातात आणि माणूस भ्रमात बोलू लागतो. मला टाळ मागणारे मामा आठवले.

शिवाय कर्करोग. तैवानमध्ये बीस्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२,७०७ पुरुषांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले आणि १९८१ साली निष्कर्ष छापला. अँटिजेन असलेल्यांना यकृताचा कर्करोग होण्याचे प्रमाण इतरांच्या दोनशे पटींहून अधिक होते. हेपॅटायटिस बीमध्ये तो कधी कधी सिरॉसिस नसतानाही होतो. म्हणून धोका असलेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची. गाठ दोन सेंटिमीटरची असताना सापडली तर काढता येते. दहाची झाली की बहुधा फार उशीर झालेला असतो.

हे वाचून कुणी घाबरून जाऊ नये. उपचार न घेताही जुनाट हेपॅटायटिस बी असलेल्या प्रौढांपैकी शंभरात २० ते ३० जणांनाच सिरॉसिस किंवा कर्करोग गाठतो. आमच्या अक्काला गेल्या तीस वर्षांत काहीही झालेले नाही. ती तिसऱ्या टप्प्यात सुखाने नांदते आहे, वर्षातून दोनदा रक्त देते आणि माझ्यावर खेकसते. आई २०१४ साली अर्धांगवायूने गेली, यकृताने नाही. पण आपण वीस-तीसांत की उरलेल्यांत, हे चेहऱ्यावर लिहिलेले नसते. अक्काच्या थोरल्या मुलाला २००४ साली आखातात नोकरी लागली होती. व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत तो अडकला आणि त्याला प्रथमच कळले, की आईचा वारसा त्याच्याकडेही आहे. अक्काने तिच्या मुलांचे रक्त १९९३ साली तपासून घेतले नव्हते. सासरी कळेल, ही भीती.

मला रोज रात्री एन्टेकॅव्हिरची एक गोळी सुरू झाली, जेवणानंतर दोन तासांनी, रिकाम्या पोटी. मी आधी तपासायला गेलो असतो तर कदाचित लॅमिव्ह्युडिन मिळाले असते. १९९८ साली आलेले ते औषध स्वस्त होते, पण पाच वर्षांत बहुसंख्य रुग्णांत विषाणू त्याला सरावायचा. एन्टेकॅव्हिर आणि टेनोफोव्हिरच्या बाबतीत ती धास्ती जवळजवळ उरलेली नाही. या गोळ्या विषाणूच्या प्रती काढणे थांबवतात. केंद्रकातले ते बंद कडे मात्र तसेच राहते. म्हणून गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही. भाडेकरू निघून जात नाही, फक्त दाराला कुलूप लागते. वर्षभरात माझ्या रक्तातला विषाणू मोजता येईनासा झाला. फायब्रोस्कॅनचा आकडा सहा वर्षांत सातवर आला. यकृताचे व्रण मागे हटू शकतात, हे पूर्वी कुणी मानत नसे.

एक गोष्ट विसरण्याआधी सांगतो. कर्करोगाची औषधे किंवा स्टेरॉइड दीर्घकाळ घ्यावी लागली, तर निजलेला विषाणू उसळून उठतो. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांचे असेच झाले. तेव्हा कोणताही मोठा उपचार सुरू होण्यापूर्वी ही तपासणी झाली आहे का, हे विचारायला संकोच नको.

लशीचे बरे चालले आहे. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस काढली आणि किमती कोसळल्या. २०११ पर्यंत ती देशभरच्या सरकारी लसीकरणात आली. माझी नात २०१७ साली जन्मली; तिला पहिले टोचले ते जन्मल्यावर काही तासांत. पहिले २४ तास महत्त्वाचे. तैवानने १९८४ साली नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि दहा वर्षांत मुलांमधला यकृताचा कर्करोग जवळपास निम्म्यावर आला. कर्करोग रोखणारी ही पहिली लस. पण ती आधीच लागण झालेल्यांच्या उपयोगाची नाही, आणि असे लोक भारतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अंदाजाप्रमाणे, २.९८ कोटी आहेत. बहुतेकांना ठाऊक नाही. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. ठाऊक असायला हवे, एवढेच.

आता मामी. २०११ साली मी गावी गेलो तेव्हा ती ७१ वर्षांची होती. तरुण डॉक्टरांनी सुचवले होते, म्हणून तिचे रक्त कराडला तपासून घेतले. अँटिजेन नव्हते. पण विषाणूच्या गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडे होती, आणि ही लशीने तयार होत नाहीत, प्रत्यक्ष लागण झाली तरच होतात. म्हणजे केव्हातरी, मोठ्या वयात, मामीच्या शरीरात हेपॅटायटिस बी शिरला होता आणि तिने तो परतवून लावला होता. आठवते का काही, असे विचारल्यावर ती म्हणाली, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिला जबरी कावीळ झाली होती, महिनाभर माहेरी होती.

डॉक्टर म्हणाले, न्यायालयात टिकणारा पुरावा नाही हा. सुईतूनही आला असेल. मामांचे रक्त आता कुठून आणणार? पण मामांच्या आईपासून निघालेली रेघ, माझी आई, अक्का, मी, आणि दुसऱ्या बाजूने मामीची ती कावीळ. हे सगळे मांडून पाहिल्यावर त्यांना शंका वाटत नव्हती. मलाही नाही.

संध्याकाळी ओट्यावर बसून मी मामीला हे सांगितले. आजाराचे नाव सांगितले, रेघ सांगितली. ती लसूण सोलत ऐकत होती. माझे संपल्यावर म्हणाली, "मला काय सांगतुयास? मला ठावंच हुतं. त्या पारावरच्यास्नी जाऊन सांग."

मी तेव्हा गेलो नाही. मामी २०१९ साली गेली. पार अजून आहे, पण त्या वेळी तिथे बसणाऱ्यांपैकी आता कुणी उरलेले नाही. त्यांची मुले-नातवंडे रविवारचे वर्तमानपत्र वाचत असतील, तर त्यांच्यासाठी: मामांनी जन्मात दारूच्या थेंबाला स्पर्श केला नव्हता.